शनिवारी एक माणूस कमी आहे

“डावी बाजू, दमानं.”

रस्त्याच्या मधोमध काठी आपटून बाई असं म्हणायच्या. पायघोळ पिवळाधमक कोट, डोक्यावर त्याला अजिबात न शोभणारी तपकिरी लोकरी टोपी, आणि हातात वर गोल पाटी लावलेली ती उंच काठी. गाड्यांकडे त्या बघायच्याही नाहीत. गाड्या थांबणारच, त्यात काय बघायचं, असा एकूण आविर्भाव. एकदा एका लॉरीवाल्यानं हॉर्न वाजवला, तर बाईंनी मान वळवून त्याला “तूसुद्धा” एवढंच सांगितलं. शेवटचं पोर पलीकडे पोचेपर्यंत तो बापडा इंजिन बंद करून बसून राहिला.

शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या अशा बाईंना इथे लॉलीपॉप लेडी म्हणतात. इंग्लंडात राहिलेल्या प्रत्येकानं एखादी तरी पाहिलेली असते. पण आमच्या बाईंची तऱ्हा वेगळी. त्या पोरांना एकामागे एक असं नेत नसत. सगळ्यांना फुटपाथच्या कडेला आडव्या ओळीत उभं करायच्या आणि एकदम रस्त्यात उतरवायच्या. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. डावीकडची पोरं कायम घाईत असायची, म्हणून त्यांना ती रोजची ताकीद.

बाई बोलायच्या अर्थातच इंग्रजी, तेही त्या बाजूचं, अर्धे शब्द गिळून टाकणारं. पण माझ्या डोक्यात त्यांचं सगळं बोलणं मराठीतच साठलं आहे. तसंच सांगते.

माझा नवरा मंदार रीडिंगच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. आम्ही तिथेच फ्लॅटमध्ये राहत होतो, खाली वर सगळी आपलीच माणसं, गणपतीला हॉल पुरायचा नाही इतकी. मग मंदारला बागेचं वेड लागलं आणि आम्ही पाऊण तासावरच्या एका खेड्यात घर घेतलं. मंडळातल्या मैत्रिणी म्हणाल्या, “अगं, वनवासाला निघालात की काय?” गावात दुकान एक, पब एक, चर्च एक आणि शाळा एक. त्या शाळेत काळ्याभोर केसांचं डोकं एकच, आमच्या सईचं. ती तेव्हा सात वर्षांची होती.

लोक वाईट वागले असते तर मी भांडले असते. भांडायला मी कधीच कमी नव्हते, विचारा मंदारला. पण ही माणसं आमच्याशी इतकी जपून वागायची, की घरात नवीन आणलेल्या काचेच्या भांड्यासारखं वाटायचं. हसायची, दार धरून उभी राहायची, हवेबद्दल बोलायची, आणि निघून जायची. सईला वाढदिवसाचं बोलावणं एकही येईना. पुढे कळलं, ही मुलगी काय खाते, काय नाही, हे विचारायचा कुणाला धीरच होत नव्हता.

बाईंना मात्र जपणं वगैरे ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, “तू कुठली?”

“पुण्याची.”

“ते कुठे आलं?”

“मुंबईजवळ.”

“बरं. उद्यापासून हिला जाड मोजे घाल.”

झाली ओळख. मला त्या त्याच क्षणी आवडल्या.

नोव्हेंबरातला शनिवार. सासूबाई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. तिन्हीसांजेला दिवा लावून त्या दार उघडायला गेल्या, कारण लक्ष्मी यायच्या वेळी दार बंद ठेवायचं नसतं, मग बाहेर बर्फ का पडेना. आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, “अगं, इकडे ये गं. दाराला कुणी तरी काही तरी बांधलंय.”

दाराच्या मुठीला दोन मेलेले पक्षी लटकत होते. कोंबडीएवढे, लांब शेपटीचे, एक तांबूस झगझगीत आणि एक मातकट. दोघांच्या माना केशरी सुतळीनं एकत्र बांधलेल्या.

सासूबाई म्हणाल्या, करणी आहे. त्यातून नेमकी अमावास्या. त्यांनी तिथल्या तिथे आम्हा तिघांवरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मंदार म्हणाला, करणी नाही, हा वंशद्वेष आहे, आपण इथे नको आहोत असा निरोप आहे. त्यानं फोटो काढले, हातात भांडी घासायचे रबरी मोजे घातले आणि ते पक्षी काळ्या पिशवीत घालून कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकले. आमच्याकडे चार पिढ्यांत कुणी अंड्याला शिवलेलं नाही. मला करणीही वाटली नाही आणि द्वेषही वाटला नाही. दाराची मूठ कशानं पुसायची याचीच काळजी पडली होती.

सोमवारी सकाळी बाईंनी पोरं पार केली आणि माझ्याकडे वळून विचारलं, “कसे लागले?”

“काय?”

“फेझंट. जोडी टांगून गेले होते ना मी तुझ्या दाराला. त्यातला नर चांगला मोठा होता.”

मग उलगडा झाला. थंडीत दर शनिवारी गावाबाहेरच्या इस्टेटीवर फेझंटची शिकार चालते. बंदूकवाले साहेबलोक बाहेरून येतात, तो त्यांचा छंद. आणि गावातली माणसं हातात काठ्या घेऊन आडव्या ओळीत रान तुडवत जातात, झाडांवर ठकठक करतात, पक्ष्यांना उठवून बंदुकांच्या दिशेनं पाठवतात. आपल्याकडे अशांना हाकारे म्हणायचे. बाई लग्न होऊन गावात आल्यापासून हाकाऱ्यांत होत्या, आणि आता त्यांच्या म्होरक्या. नवरा गेला, गुडघे गेले, पण शनिवार सोडला नाही. “बंदूक काय, कुणीही उडवेल,” त्या म्हणायच्या. “रान उठवायला अक्कल लागते.” दिवस संपला की प्रत्येक हाकाऱ्याला एक जोडी मिळते. गावात कुणी नवीन आलं असेल तर आपली जोडी त्याच्या दाराला टांगायची, अशी तिथली रीत. चिठ्ठी लावायची नाही, बेल वाजवायची नाही.

“आम्ही मांस खात नाही,” मी म्हटलं.

“कधीच?”

“कधीच.”

“ख्रिसमसलासुद्धा?”

“सुद्धा.”

घरात कुणाला तरी मोठं दुखणं आहे असं मी सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मग ते गेले कुठे?”

“बिनमध्ये.”

बाईंचा चेहरा उतरला. मारलेला पक्षी कुणाच्याच ताटात गेला नाही, हे त्यांना लागलं. “बिनमध्ये,” एवढंच पुन्हा म्हणून त्या रस्त्याकडे वळल्या.

इथवर ठीक होतं, दुसऱ्या दिवशी मी गोड काही नेऊन देऊन मिटवलं असतं. पण आमच्या शहाण्यानं रविवारी रात्रीच शाळेच्या हेडमास्तरांना फोटोंसकट ई-मेल ठोकला होता. त्यात ‘इन्सिडेंट’ हा शब्द तीनदा. मी घरी येऊन त्याला बोलबोल बोलले, त्यानं लगेच दुसरा ई-मेल पाठवला की गैरसमज झाला, क्षमस्व. पण पहिल्यानं आपलं काम केलेलं होतं.

हेडमास्तर तरुण होते, मनानं चांगले आणि अतिशय जबाबदार. असली माणसं आवरायला फार कठीण. दर फेब्रुवारीत, शिकारीचा हंगाम संपला की, बाई अख्ख्या शाळेला रानात न्यायच्या. बंदूक एकही नाही. मुलांना काठ्या द्यायच्या, ओळीत उभं करायचं आणि रान कसं चालायचं ते शिकवायचं. शेवटी पक्षी भर्रकन उठायचे, सगळ्यांनी माना वर करून ते बघायचे आणि घरी यायचं. पोरं वर्षभर त्या वॉकची वाट बघायची. हेडमास्तरांनी सकाळच्या प्रार्थनेनंतर सांगून टाकलं, या वर्षी वॉक नाही, कारण शिकारीशी संबंध येतो आणि आपण सगळ्या कुटुंबांच्या भावना जपल्या पाहिजेत. सगळ्या म्हणजे कुणाच्या, हे शेंबड्या पोरालाही कळलं. तसलं कुटुंब गावात एकच होतं. आमच्या भावना त्यांनी इतक्या जपल्या, की आम्हाला विचारायचंच राहून गेलं.

त्या दुपारी सई घरी आली, बूट काढले, दप्तर ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, “आई, मी हॅम खाल्लं तर वॉक परत होईल का?”

तिला मधल्या सुट्टीत कुणी काही बोललं नव्हतं. नुसते खेळायला घेत नव्हते. आजपर्यंत ती त्यांच्यात नवीन होती, आता ती वॉक बंद पाडणारी झाली. अशी मुलगी त्या इवल्याशा शाळेत पुढची चार वर्षं कशी काढणार? मंदार म्हणाला, परत रीडिंगला जाऊ. मी म्हटलं, तुझा ई-मेल निस्तरल्याशिवाय मी कुठेही येणार नाही.

तडक हेडमास्तरांकडे गेले. सांगितलं, आमची काही हरकत नाही, वॉक होऊ द्या. त्यांनी मला चहा दिला, मान तिरकी केली आणि हळुवार आवाजात म्हणाले, “तुमच्यावर गावाचा दबाव असेल, हे मी समजू शकतो.” आता या माणसाला काय सांगायचं? मी जितकं नाही नाही म्हणत होते, तितके ते माझं जास्त जास्त समजून घेत होते.

आणि रस्त्यावर बाई गप्प. ओळ लावायच्या, पोरं पार करायच्या, मला मान हलवून नमस्कार करायच्या, पण “डावी बाजू, दमानं” नाही. डावी बाजू आपली आपण दमानं चालायला लागली. ते बघून मला जास्तच वाईट वाटायचं.

शेवटी बेसनाचे लाडू डब्यात भरले आणि बाईंच्या घरी गेले. त्या मागच्या पायरीवर बसून फेझंटची पिसं उपटत होत्या. कुत्र्याच्या नाकाला पीस, बाईंच्या टोपीला पीस. कुत्र्याचं नाव बिस्किट. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. करणी, मीठ-मोहऱ्या, ई-मेल, हॅम. हॅमचं ऐकून बाईंनी उपटणं थांबवलं.

“तुम्ही सांगा ना हेडमास्तरांना,” मी म्हटलं. “तुमचं ऐकतील.”

“मी नाही सांगायची,” त्या म्हणाल्या. एक लाडू उचलला, अर्धा खाल्ला, उरलेला बिस्किटला दिला. मग माझ्या पायांकडे बघत म्हणाल्या, “शनिवारी एक माणूस कमी आहे. गमबूट आहेत का तुझ्याकडे?”

“बाई, पक्षी मारणं मला पटत नाही. तोंडावर सांगते.”

“पटवून घे म्हणून कोण म्हणतंय? माणूस कमी आहे एवढंच सांगितलं.”

सासूबाईंना मी सांगितलं, मैत्रिणीकडे जातेय. खोटं नव्हतं ते.

शनिवारी ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही रानात पोचलो. सगळे अवघडून माझ्याकडे बघत होते. बाईंनी मला आपल्या शेजारी, ओळीच्या डावीकडे उभं केलं. नियम दोन. ओळ सोडायची नाही, आणि मी सांगेपर्यंत ओरडायचं नाही. रांगेत मुकाट उभं राहायची सवय मला क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसनं चांगली लावली होती, म्हटलं हे जमेल. अर्धं रान जमलंही. झाडावर काठी ठकठक, दोन पावलं, पुन्हा ठकठक. आणि अचानक माझ्या पायाखालून फडफडाट करत एक फेझंट उडाला.

“अगं आई गं,” मी किंचाळले. आणि मग काय झालं मला माहीत नाही. आजोळी ज्वारी राखायला बसवायचे तेव्हाचा आवाज कुठून तरी वर आला आणि मी काठी फिरवत “हाऽऽड, हाऽऽड, हुर्र” सुरू केलं. अख्खं रान एकदम उठलं. शे-दीडशे पक्षी, आणि सगळे आमच्या डोक्यावरून उलटे, बंदुका होत्या त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला निघून गेले. एकही गोळी झाडली गेली नाही.

इस्टेटीच्या रखवालदारानं टोपी काढली आणि डोकं खाजवलं. बाईंनी एका झाडाला धरलं. मला वाटलं चक्कर आली. पाहते तर त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “म्हटलं होतं ना माणूस कमी आहे,” त्या म्हणाल्या. “हिनं चौघांचं काम केलं. फक्त उलट्या दिशेला.” मग सगळी ओळ हसायला लागली.

थोड्या वेळानं बंदूकवाल्यांपैकी एक साहेब झाडीतून आला. फार सभ्य माणूस. त्यानं मला अदबीनं विचारलं, “माफ करा, आपण शिकारीच्या विरोधात निदर्शनं करायला आला आहात का?”

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “नाही. ती आमची आहे.”

जेवणाच्या वेळी सगळ्यांनी मांस भरलेले सॉसेज रोल काढले. बाईंनी खिशातून कागदात गुंडाळलेलं चीज सँडविच काढून माझ्या हातात ठेवलं. ते खाताना मला रडू येत होतं, आणि नाक गळतंय ते थंडीनं असं मी सगळ्यांना सांगत होते.

सोमवारी शाळेच्या दारात मी पोचायच्या आधी गोष्ट पोचलेली होती, आणि पक्षी तीनशे झाले होते. आया माझ्याभोवती जमून हसत होत्या. त्यातली एक मला म्हणाली, “पुढच्या शनिवारी आमच्याकडे वाढदिवस आहे. सईला पाठवशील? काय खाते गं ती?” इतके महिने मी या एका प्रश्नाची वाट बघत होते. तेवढ्यात हेडमास्तर फाटकाशी आले. मी म्हटलं, बरे सापडलात.

“सर,” मी सगळ्यांदेखत म्हटलं, “माझ्या भावना मी शनिवारी रानात घेऊन गेले होते. त्यांना काहीही झालेलं नाही. वॉक होऊ द्या.”

त्यांचे कान लाल झाले. मग तेही हसले, आणि “होईल,” म्हणाले. तेवढ्यात रस्त्यावर काठी आपटल्याचा आवाज आला आणि किती तरी दिवसांनी ऐकू आलं, “डावी बाजू, दमानं.”

फेब्रुवारीत वॉक झाला. मीही गेले. चिखल, रिमझिम, पोरांच्या हातात त्यांच्यापेक्षा उंच काठ्या, ओळीच्या मध्यावर हेडमास्तर. निम्म्या वाटेवर सई काटेरी झुडपात अडकली. लाल जाकीट, एक बाही काट्यात, एक पाय चिखलात. बाईंनी हात वर केला आणि अख्खी शाळा जागच्या जागी थांबली. मी पुढे धावणार, तर बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यांचा कायदा असा, की अडकलेल्याला सोडवायला ओळ मोडून जायचं नाही, त्यानं त्याचं सुटायचं. पण तो सुटेपर्यंत ओळीनं पाऊल उचलायचं नाही, मग कितीही वेळ लागो. कुणी हसलं नाही, कुणी घाई केली नाही. पावसात सगळे उभे. सईनं एकेक काटा काढला, पाय उपसला, आपल्या जागी येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “रेडी.” मग ओळ हलली. रीडिंगला परत जायचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही.

त्या वाढदिवसाच्या शनिवारपासून, दर हिवाळ्यात शनिवारच्या शनिवारी, आमच्या दाराला पुन्हा जोडी लटकायला लागली. कधी कांद्याच्या जाड पातीसारखे दोन लीक, कधी पाल्यासकट दोन बीट, कधी दोन सलगम, माना केशरी सुतळीनं एकत्र बांधलेल्या, गाठ तीच. एकदा दोन फ्लॉवर इतके जड होते की मूठच ढिली झाली. सासूबाई पुण्याला परतल्यावरही रविवारी फोन करायच्या ते पहिलं वाक्य, “काल काय टांगलं?” मीही मग बाईंच्या दाराला थालीपिठांची जोडी टांगू लागले. “तिखट होतं,” बाई सोमवारी सांगायच्या. “बिस्किटला आवडलं.” वर्षानुवर्षं तो कुत्रा थालीपिठावर पोसला गेला.

त्यांच्याशी मी पक्ष्यांवरून वादही पुष्कळ घातले. मला ते मारणं आजही पटत नाही. त्या ऐकून घ्यायच्या आणि शेवटी विचारायच्या, “शनिवारी येतेस ना?” मी जायचे. मला ओरडायची मात्र कायमची बंदी होती.

सई मोठ्या शाळेत, बसनं जायला लागली. शनिवारी तीही हाकाऱ्यांत जायची. गेल्या ऑक्टोबरात हंगाम उघडला आणि त्याच आठवड्यात बाई झोपेतच गेल्या. चर्चमध्ये सगळे हाकारे आले होते, दाराशी काठ्यांचा ढीग लागला होता. बाहेर पडताना कुणी न सांगता सगळे आडव्या ओळीत चालायला लागले. मी डावीकडे होते. मला पुढचं काही दिसत नव्हतं, मी भरभर चालले असणार. सईनं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, “आई, दमानं.”

नोव्हेंबरात बाईंच्या घरात नवीन कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन लहान मुलं, गाडीची नंबरप्लेट परदेशातली. कुठले, कोण, कुणालाच माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही अजून विचारलं नव्हतं. शनिवारी सई रानातून परत आली, चिखलानं भरलेली, आणि मला म्हणाली, “चल.” तिच्या एका हातात फेझंटची जोडी, दुसऱ्या हातात आमच्या बागेतल्या लीकची.

“दोन्ही कशाला?”

“ते काय खातात, माहीत नाही ना.”

बाईंच्या दाराशी पोचलो. आत दिवा होता, मुलांचे आवाज येत होते. सई दोन्ही जोड्या मुठीला बांधायला लागली, त्याच केशरी सुतळीनं, तीच गाठ.

“अगं, घाबरतील ती माणसं,” मी कुजबुजले. “बाबांनी काय गोंधळ घातला होता ठाऊक आहे ना? निदान एक चिठ्ठी तरी लाव.”

“बाई लावायच्या का?”

“मग त्यांना कळणार कसं?”

“सोमवारी विचारेन ना, कसे लागले.” तिनं गाठ आवळली. “आणि सांगेन त्यांना, शनिवारी एक माणूस कमी आहे.”